पडद्यावरची आई काय म्हणाली

"राहेल, तुला हिंदी येतं ना?"

मोरित्झ दारात उभा होता. घामाने थबथबलेला, टोपी हातात. आमच्या गावातलं एकुलतं एक थिएटर त्याचं होतं.

"येतं की," मी म्हटलं.

आत ओट्याशी आई तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले. पण ती काही बोलली नाही, कारण त्या दिवसांत ती माझ्याशी बोलतच नव्हती.

"देवाची कृपा!" मोरित्झ खुर्चीत कोसळला. "दोन वाजता खेळ आहे. सगळी तिकिटं गेलीत. चित्रपटाचे डबे आलेत, पण भाषांतराची गुंडाळी कुठल्या तरी बसमध्ये राहिली. आता तू माईक घेऊन बसायचं आणि ते लोक काय बोलतात ते हिब्रूत सांगायचं."

त्या काळी आमच्याकडे हिंदी चित्रपटाच्या डब्यांबरोबर हिब्रू भाषांतराची वेगळी गुंडाळी यायची. खेळ चालू असताना एक माणूस ती हाताने फिरवत राही आणि पडद्याच्या कडेला वाक्यं उमटत. ती नसली तर मोरोक्कोचे, रुमानियाचे, इराकचे सगळे प्रेक्षक बहिऱ्यासारखे बसणार.

ही गोष्ट एकोणीसशे सहासष्टची. इस्रायलच्या दक्षिणेला, बीरशेबाच्याही पलीकडे, वाळवंटात नवीन वसवलेलं गाव. मी अठरा वर्षांची होते आणि तिथल्या कापडगिरणीत कामाला जात होते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. कोकणात होतो तेव्हा शनिवारी घाणा बंद ठेवतो म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणत. इथे आलो तर आम्ही 'हिंदी' झालो. पडद्यावर नाचणाऱ्या, कपाळाला कुंकू लावलेल्या त्या बायका आमच्या नात्यातल्याच आहेत, असं सगळं गाव धरून चाले. गिरणीत मला कुणी ना कुणी विचारायचं, "त्या सिनेमातली ती गोरी, तुझी कोण?"

खरं सांगायचं तर माझं हिंदी म्हणजे चार गाणी आणि "इधर आव". दहाव्या वर्षापर्यंत मी रोह्याजवळच्या खेड्यात वाढले. तिथे हिंदी कोण बोलणार? तरी मी मोरित्झला हो म्हटलं, त्याला कारण होतं. त्या खेळाला फ्रेहाबाई येणार होत्या.

फ्रेहाबाई म्हणजे प्रॉस्परची आई. आणि प्रॉस्पर म्हणजे मोरित्झच्या थिएटरमध्ये वरच्या खोलीत मशीन चालवणारा मोरोक्कोचा मुलगा. त्याच्याशी लग्न करायचं मी ठरवलं होतं. त्यानेही ठरवलं होतं. बाकी कुणीच ठरवलं नव्हतं. फ्रेहाबाईंचं म्हणणं असं, की हिंदी मुली सकाळी उठून मिरची खातात आणि तोंड उघडत नाहीत, असली सून घरात आली की घर मुकं होतं. तीनशे माणसांसमोर माईकवर माझं तोंड उघडलेलं त्यांनी पाहावं, एवढीच माझी इच्छा.

आईचं कारण वेगळं होतं. काही वर्षांपूर्वी काही धर्मगुरूंनी असं काढलं होतं, की बेने इस्राएलांचं लग्न दुसऱ्या ज्यूंशी लावण्याआधी त्यांच्या मागच्या पिढ्या तपासून पाहाव्यात. आमच्या लोकांनी यरुशलेमला जाऊन ठिय्या दिला. आईही गेली. डबा घेऊन तीन दिवस उन्हात बसली. शेवटी ते मागे घेतलं गेलं, पण आईच्या मनातून गेलं नाही. प्रॉस्परचं नाव मी घरात काढलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ज्यांना आपलं ज्यूपण तपासावं लागतं, त्यांच्या घरात माझी मुलगी जाणार नाही." त्यानंतर अठरा दिवस ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. जे काही सांगायचं ते बाबांना सांगायची. बाबा शेजारी नसले तर हवेला.

मोरित्झ गेल्यावर मी ओट्याशी गेले.

"आई, तुला यावं लागेल."

ती तांदूळ निवडत राहिली.

"मला हिंदी येत नाही. तुला येतं. तू मला मराठीत सांग, मी हिब्रूत सांगते."

"रूबेन," आई खिडकीकडे पाहत म्हणाली. बाबा खिडकीशी बसून वहाणेला खिळा ठोकत होते. "तुमच्या मुलीला विचारा, येत नव्हतं तर हो कशाला म्हणाली?"

"राहेल, आई विचारतेय..."

"ऐकलं मी. बाबा, तिला सांगा, आता खेळ बंद पडला तर लोक म्हणतील, हिंदी लोकांना हिंदीसुद्धा येत नाही."

हे आईला लागलं. ती मुंबईत, माझगावात वाढलेली. लग्नाआधी दर रविवारी सिनेमाला जायची. रोह्यात तेलघाण्याच्या घरात सून म्हणून आली तेव्हा ते सुटलं, आणि त्याची चुटपुट तिला कायम होती. तिने तांदळाचं ताट बाजूला सारलं.

"रूबेन, तिला सांगा, मी येते. पण सिनेमासाठी येते."

दोनच्या आधीच थिएटर भरलं होतं. सुक्कोथच्या सणाच्या सुटीचे दिवस, गिरणी बंद, पोरंटोरं धरून सगळं गाव आलेलं. जिकडेतिकडे सूर्यफुलाच्या बिया फोडल्याचा कटकट आवाज. तिसऱ्या रांगेत फ्रेहाबाई, डोक्याला फुलांचा रुमाल, दोन्ही बाजूंना बहिणी. सगळ्यात मागे आमची माणसं, बेने इस्राएलांची वीसएक घरं. बहुतेक मुंबईहून आलेली, त्यांना भाषांतराची गरजच नव्हती, म्हणून ती मागे बसली होती; बाबांचे मित्र हायमकाकाही त्यांच्यातच.

पडद्याच्या खाली, कडेला, मोरित्झने तीन खुर्च्या मांडल्या होत्या. मी माईकशी, मग बाबा, मग आई. बाबा मध्ये का, हे मोरित्झला कळलं नाही.

दिवे गेले. मोठी हवेली, फुलांच्या माळा, हसत जिना उतरणारी नायिका. तिचं नाव शोभना. तिने तिच्या आईला काहीतरी म्हटलं.

"रूबेन, तिला सांगा, शोभना म्हणते, मला बागेत जायचंय," आई म्हणाली.

"राहेल, शोभना म्हणते, तिला बागेत जायचंय," बाबा म्हणाले.

"शोभना म्हणते, मला बागेत जायचंय," मी माईकवर हिब्रूत म्हटलं. तोवर शोभना बागेतून परत आली होती.

थिएटरमध्ये हशा झाला. पुढच्या प्रसंगात शोभना आणि एक तरुण डॉक्टर घाईघाईने भांडत होते. आई बाबांना सांगत होती, बाबा मला सांगत होते, आणि डॉक्टरची वाक्यं मी शोभनाच्या तोंडी घालत होते. लोक ओरडायला लागले. कुणीतरी म्हणालं, "ही शोभना डॉक्टरसारखी रक्तदाबाबद्दल का बोलतेय?"

बाबा उठले.

"दिना," ते आईला म्हणाले, "मी मागे हायमजवळ जाऊन बसतो. तुमचं तुम्ही पाहा."

आणि गेलेच. मधली खुर्ची रिकामी राहिली. आईने तिच्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर डॉक्टर काहीतरी फार गोड बोलत होता आणि तीनशे माणसं ताटकळली होती. आई सरकून माझ्या शेजारी आली.

"तो म्हणतोय," ती पडद्याकडेच पाहत म्हणाली, "तुझं हसू ऐकलं की माझे रोगी औषधाशिवाय बरे होतात."

अठरा दिवसांनी ती माझ्याशी बोलली ते हे वाक्य.

मी ते हिब्रूत सांगितलं. बायकांनी उसासे टाकले. त्यानंतर आमचं सूत जमलं. आई शब्दाला शब्द लावत बसायची नाही, मतलब सांगायची, आणि मी त्याला जरा तिखटमीठ लावायची. गाणं लागलं की दोघी गप्प. तेव्हा आई हळूच ताल धरायची. माझगावातली मुलगी होऊन बसली होती ती. एकदा तर तिने माझा दंड धरून म्हटलं, "बघ बघ, आता विहिरीपाशी तो उभा असणार." होताही.

गोष्ट अशी होती: शोभना मोठ्या घरची, डॉक्टर परप्रांतातला, परजातीतला. ती त्याच्याशीच लग्न करणार म्हणते. मध्यंतराच्या जरा आधी ती आपल्या आईपुढे जाऊन उभी राहते. पडद्यावरची ती आई उंच, पांढऱ्या लुगड्यातली, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. संगीत थांबलं. थिएटरमध्ये बिया फोडायच्या थांबल्या. शोभना बोलली, आईने मला सांगितलं, मी सांगितलं: "आई, मला दुसऱ्या कुणाशी संसार करायचा नाही."

पडद्यावरची आई गर्रकन वळली. "इस घर की बेटी ग़ैरों में नहीं जाएगी! हरगिज़ नहीं जाएगी!" आणि तिने दार लावून घेतलं.

एवढं मलाही कळलं. मी आईकडे पाहिलं. 

"काय म्हणाली?" तिसऱ्या रांगेतून फ्रेहाबाईंचा आवाज आला. "ए मुली, ती आई काय म्हणाली?"

आई माझ्याकडे पाहत होती. पडद्याच्या उजेडात तिचा चेहरा निळसर दिसत होता.

"सांग," ती म्हणाली. "म्हणावं, मुलगा चांगला आहे. माझी ना नाही."

मी माईकवर हात ठेवला. "आई, ती असं नाही म्हणाली."

"मी सांगते ते सांग."

"अगं, 'नहीं जाएगी' म्हणाली ती. मला कळलं."

"एवढं कळत होतं तर मला कशाला आणलंस?"

मागून हायमकाकांचा आवाज घुमला, मराठीत. "दिनावहिनी, हे काय भलतंच? ती नाही म्हणाली!"

माझा हात माईकवरून सरकला असावा, कारण आईचं उत्तर सगळ्या थिएटरला ऐकू गेलं. "हायमभाऊजी, भाषांतर मी करतेय. तुम्ही बिया फोडा."

 आमच्या वीस घरांत कुणीतरी खुदकन हसलं. हायमकाकांनी बियांची पुडी उघडली.

मला वाटलं, आईला लाज वाटली. इतक्या परक्या लोकांसमोर आपल्याकडची आई अशी कठोर दिसावी, हे तिला नको असेल. यरुशलेमच्या उन्हात बसलेली बाई, ती आपल्या लोकांची बाजू सिनेमातही सावरणारच. मी माईकवर सांगितलं, "आई म्हणते, मुलगा चांगला आहे. माझी ना नाही."

"मग दार का आपटलं?" एका रुमानियन आजोबांनी विचारलं.

"वारा आहे," आई म्हणाली.

"वारा आहे," मी सांगितलं.

मध्यंतरानंतर मात्र आमची खरी पंचाईत झाली. चित्रपटातली आई मुलीचं लग्न दुसऱ्याच कुणाशी लावायला निघाली होती, आणि आम्ही तर होकार देऊन बसलो होतो. पहिल्यांदा मेंदीचा प्रसंग आला. शोभनाच्या हातांवर मेंदी काढत होते आणि ती रडत होती.

"का रडते?" फ्रेहाबाई.

"माहेर सुटणार म्हणून," आई.

मेंदी बघताच मोरोक्कोच्या सगळ्या बायका उठून उभ्या राहिल्या आणि तोंडाने लुलुलु असा आनंदाचा घोष करू लागल्या. त्यांच्यातही लग्नाआधी मेंदी असते, आमच्यात असते तशीच. आई चकित होऊन त्यांच्याकडे पाहत राहिली. दोन वाक्यं हुकली तिची.

मग घोड्यावर बसून एक जाड मिशीवाला इसम वरातीत आला.

"हा कोण?" चहूकडून विचारणा झाली.

आईने एक क्षण विचार केला. "नवऱ्याचा थोरला भाऊ."

"घोड्यावर तो का?"

"मान असतो."

मांडवात शोभना चक्कर येऊन पडली. "उपास आहे," आई म्हणाली. हे सगळ्यांना पटलं, कारण आमच्या सगळ्यांच्याच नवऱ्या लग्नाच्या दिवशी उपास करतात. मग डॉक्टर भिंतीवरून उडी मारून आला आणि मिशीवाल्याशी त्याची जुंपली. मागच्या रांगांतून आमची माणसं आता पोट धरून हसत होती, पण एकानेही भांडं फोडलं नाही. उलट आईला काही सुचेना तेव्हा हायमकाकाच मराठीत ओरडले, "वहिनी, म्हणा, घोड्यावर कोण बसणार यावरून भांडतात!" तेच सांगितलं.

आणि नेहमीप्रमाणे शेवटी ती पांढऱ्या लुगड्यातली आई खरोखरच विरघळली. तिने शोभनाला पोटाशी धरलं, हुंदके देत माफी मागितली.

"आता ही कशाची माफी मागते?" फ्रेहाबाईंनी विचारलं.

आई थकली होती. "सांग, दागिने द्यायचे राहिले म्हणून."

दिवे लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पडद्याला आणि मग आम्हाला. मोरित्झने आईचा हात हातात घेऊन त्याचं चुंबन घेतलं, त्याबरोबर आईने तो पदराला पुसला. वरच्या खोलीतून प्रॉस्पर जिन्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. त्याचे हात तेलाने काळे झाले होते.

बाहेर ऊन उतरलं होतं. थिएटरच्या पायरीवर फ्रेहाबाई उभ्या होत्या, कमरेवर हात ठेवून. बहिणींना त्यांनी पुढे पाठवून दिलं होतं. त्या निम्म्या हिब्रूत, निम्म्या अरबीत बोलायच्या. आईचं हिब्रू बाजारहाटापुरतं. त्यामुळे मधे मलाच उभं राहावं लागलं.

"तुझ्या आईला सांग, सिनेमा छान होता," त्या मला म्हणाल्या.

मी सांगितलं. आईने मान हलवली.

"आणि तिला हेही सांग, की मी आंधळी नाही. त्या पडद्यावरच्या बाईने होकार दिला नव्हता. मी सहा मुलांची आई आहे. आई नाही म्हणते तेव्हा तिचं तोंड कसं होतं, ते मला माहीत आहे. माझंही गेले काही दिवस तसंच आहे. घरात आरसा आहे माझ्या."

मी आईकडे पाहिलं, मग परत फ्रेहाबाईंकडे.

"सांग ना तिला," फ्रेहाबाई म्हणाल्या. "आणि विचार, ती बाई जर नाही म्हणाली, तर हो कोण म्हणालं?"

मी आईकडे वळले. "आई, त्या विचारतात, पडद्यावरची आई तर नाही म्हणाली. मग हो कोण म्हणालं?"

आईने पदर सारखा केला. उघड्या दारातून दिसणाऱ्या, जिन्यावरच्या प्रॉस्परकडे एकदा पाहिलं. मग सरळ फ्रेहाबाईंकडे बघून, मला न सांगता, आपल्या बाजारच्या हिब्रूत ती म्हणाली, "मी."

एवढंच. मला तेव्हा कळलं, ती दोन तास कुणाशी बोलत होती ते. मी तिथेच पायरीवर बसले आणि रडायला लागले. आई म्हणाली, "ऊठ, फरशी गार आहे." फ्रेहाबाईंनी विचारलं, आई काय म्हणाली? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरोबर बोलते. ऊठ." मग त्यांनी स्वतःच माझा हात धरून मला उभं केलं, आणि माझा हात हातातच ठेवून तळवा उलटा करून पाहिला.

"ह्यावर मेंदी कुणाची लागणार?" त्यांनी विचारलं. "तुमची की आमची?"

"आमची," आई म्हणाली. हा शब्द तिला चांगला येत होता.

"छे! आमची मेंदी मराकेशहून येते."

"राहेल, हिला विचार, मराकेशहून येईपर्यंत ती शिळी नाही का होत?"

हे भांडण तिथे सुरू झालं आणि लग्नापर्यंत चाललं. बाबा आणि हायमकाका थिएटरच्या भिंतीला टेकून ते ऐकत होते. प्रॉस्पर शेवटी जिना उतरून आला आणि त्याने आईपुढे हात केला. तो काळाकुट्ट हात पाहून आई म्हणाली, "आधी साबण लाव म्हणावं." ते मी भाषांतर केलं नाही, पण त्याला कळलं.

ती हरवलेली गुंडाळी आठवड्याभराने सापडली. मोरित्झने तोच चित्रपट खऱ्या भाषांतरासह पुन्हा लावला, तेव्हा लोकांनी गोंधळ घातला. म्हणाले, हे सगळं चुकीचं लिहिलंय, आधीचंच बरोबर होतं.

आमचं लग्न पुढच्या मार्चमध्ये झालं. आदल्या दिवशी मला आमच्या अंगणात बसवलं. उजव्या हाताशी आई आमची मेंदी घेऊन बसली, डाव्या हाताशी फ्रेहाबाई त्यांची. मागे मोरोक्कोच्या बायका लुलुलु करत होत्या आणि आमच्या बायका मराठीत गाणी म्हणत होत्या, एकमेकींचा आवाज दाबायला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर डावा हात जास्त रंगला होता. आई ते कधीच मान्य करायची नाही. फ्रेहाबाई गेल्या, त्याला आता किती वर्षं झाली. तरी स्वतःच्या शेवटपर्यंत आई म्हणायची, "डाव्या बाजूला ऊन येत होतं."